शनिवारी साडेसात: दारू सोडलेल्या पुरुषांची बैठक कशी चालवावी

इंदूरला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पंपाच्या, पंख्याच्या, मिक्सरच्या जळलेल्या मोटरी येतात. जुनी तार उपसून काढायची आणि नवी भरायची. केसासारखी बारीक तांब्याची तार बोटांतून सोडावी लागते. दारूच्या शेवटच्या दोन वर्षांत सकाळी ती तार माझ्या हातात टिकत नसे. हात थरथरायचे, तार तुटायची. पव्वा पोटात गेला की हात स्थिर व्हायचे आणि मग काम सुरू व्हायचं. घरच्यांना, गिऱ्हाइकांना, दुकानातल्या पोरांना ते दिसत होतं. मला दिसत नव्हतं.

ते सुटून आता अकरा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं रामबागेतल्या एका खोलीत आम्ही दर शनिवारी बसतो. कधी चौघं, कधी सतरा जण. बहुतेक मराठी घरांतले, काही माळवी, दोघे मुसलमान भाऊ, एक सिंधी काका. देवासहून, उज्जैनहून, एकदा बडोद्याहूनही लोकांनी विचारलं की आमच्याकडे अशी बैठक सुरू करायची तर काय करावं लागेल. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत आलो. इथे एकदा सलग लिहितो.

आमचा गट कुठल्याही संस्थेचा नाही. पण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसकडून, म्हणजे एएकडून, आम्ही पुष्कळ घेतलं. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात शेअर बाजारातला एक माणूस आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ते काम उभं राहिलं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. आमच्यातले तिघं तिथे राहून आले आणि त्यांनी तिथली वेळेची शिस्त आणली. तुमच्या गावात एएची मीटिंग होत असेल तर आधी तिथे जा, चार-सहा महिने नुसते ऐकत बसा. तिथे जाऊनही आठवड्यातला एखादा अवघड दिवस उघडा राहत असेल, किंवा जवळपास काहीच नसेल, तर पुढचं वाचा.

वार आणि वेळ

लोक पहिल्यांदा जागा शोधतात. तुम्ही आधी वेळ शोधा. पाच पिणाऱ्यांना विचारा, की दिवसात नेमक्या कोणत्या वेळी तुझा हात खिशाकडे जायचा? आमच्याकडे पाचपैकी चौघांनी संध्याकाळी सात ते साडेआठ अशी वेळ सांगितली. दुकानाचं शटर खाली येतं, घरी जायला अजून अवकाश असतो, आणि रस्त्यात कलाली, म्हणजे दारूचं दुकान असतं. वार विचारला तर सगळ्यांनी शनिवार सांगितला. कारखान्यांतल्या, दुकानांतल्या पोरांना हप्ता शनिवारी मिळतो. मीही माझ्या पोरांना शनिवारीच देत होतो, आणि उरलेल्या पैशांतून स्वतःची सोय करत होतो.

ही चूक मी केलेली आहे म्हणून सांगतो. पहिले सहा महिने आमची बैठक रविवारी सकाळी दहाला असायची. हॉल सहज मिळायचा, सगळे आंघोळ करून स्वच्छ कपड्यांत यायचे, पोहे असायचे, वर शेव आणि जीरावन. अकरा जण जमायचे आणि मला फार बरं वाटायचं. मग एका रविवारी एकाने मान खाली घालून सांगितलं, काल रात्री प्यायलो. त्याच्या शेजारच्याने सांगितलं, मीही. तिसऱ्याने काही सांगितलं नाही, पण त्याचे डोळे सांगत होते. अकरा माणसं आपापल्या शनिवारच्या संध्याकाळशी एकटी झगडून सकाळी माझ्याकडे येत होती. मी त्यांना पोहे देत होतो, आणि ज्या घटकेला त्यांना माणूस हवा होता तेव्हा मी घरी बसलेला होतो. पुढच्या आठवड्यापासून बैठक शनिवारी साडेसातला नेली. संख्या चारवर आली. ते चौघं आजही येतात.

तेव्हा पिण्याच्या वेळेवरच बैठक बसवा. साडेसात ते पावणेनऊ, सव्वा तास. त्याहून लांबवली तर घरी जेवण थंड होतं आणि वहिनींचा विश्वास उडतो. एकदा ठरली की वेळ हलवू नका. लग्न असो, पाऊस असो, क्रिकेटचा सामना असो.

जागा

खोली साधी हवी. पंखा, संडास, पिण्याचं पाणी, पंधरा खुर्च्या. सिटी बसच्या थांब्यापासून चालत येता येईल अशी. जवळच्या कलालीपासून किती लांब ते स्वतः चालून बघा. २०२३ च्या एप्रिलपासून मध्य प्रदेशात अहाते, म्हणजे दुकानाला लागून बसून पिण्याच्या जागा, बंद झाले, तेव्हापासून लोक दुकानाबाहेर, गाडीत, अंधाऱ्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पितात. कागदावर दुकान लांब असतं आणि पिणारे तुमच्या दारासमोर उभे असतात. म्हणून जागा दिवसा बघून पसंत करू नका, शनिवारी रात्री आठला बघा.

देवळाचा हॉल फुकट मिळतो, आणि आपल्या लोकांना तिथे बरंही वाटतं. पण गाभाऱ्याला लागून असलेली खोली घेऊ नका. आमच्या मुसलमान भावांपैकी एक जण दोन महिने पायरीवरून परत जात होता, हे मला फार उशिरा कळलं. शिवाय प्यायलेल्या माणसाला देवळाच्या दारात आधीच अपराधी वाटतं. आम्ही शेवटी एका शाळेचा वर्ग घेतला. बाकं मागे सरकवतो, खुर्च्या गोल मांडतो, जाताना सगळं होतं तसं ठेवतो.

एक बारीकशी गोष्ट. चपला बाहेर काढायला लावू नका. इंदूरच्या मराठी वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. दाराबाहेर चपलांची रांग दिसली की कोण आत बसलंय हे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळतं. आम्ही चपला आत, खुर्चीखाली ठेवतो. स्कूटरी दोन गल्ल्या सोडून लावतो. पाटीवर फक्त ‘शनिवार बैठक’ एवढंच लिहिलंय, दारूचा शब्द नाही. पहिल्यांदा येणारा माणूस दारावरून तीन-तीन वेळा जाऊन येतो, मग कधीतरी आत शिरतो. त्याच्यासाठी दाराजवळची खुर्ची रिकामी ठेवा.

आधी डॉक्टर

हा भाग सावकाश वाचा. माझ्याकडून चूक झाली होती, आणि ती एका माणसाच्या जिवावर बेतली होती.

बैठकीच्या दुसऱ्या वर्षी एक जण आला. सकाळी उठल्याबरोबर प्यायल्याशिवाय त्याला ब्रश धरता येत नव्हता. मी त्याला सांगितलं, आजपासून बंद, मन घट्ट कर, आम्ही आहोत. तो घरी गेला आणि खरंच थांबला. दुसऱ्या दिवशी रात्री त्याला फिट आली. जीभ चावली, पलंगावरून पडला. भावाने वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून तो वाचला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या आईने मला बसायला खुर्ची दिली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

रोज आणि भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूच्या हिशेबावर चालायला लागलेलं असतं. ती एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं दिसतात, घाम फुटतो, ताप चढतो. त्यात माणूस दगावू शकतो. डॉक्टर काही दिवस औषधं देऊन हे सांभाळतात, सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. म्हणून नव्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा: सकाळी उठल्यावर हात कापतात का? पूर्वी सोडताना कधी फिट आली होती का? उत्तर हो असेल तर बैठक नंतर. आधी सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, आणि तुमच्यातला एक जण त्याच्यासोबत जाईल. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. १४४१६ हा टेलि-मानस, मन खचलेल्यांसाठी. दोन्ही क्रमांक आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असतात. कोणी बैठकीत ‘जगून काय करायचं’ म्हणाला तर ते वाक्य ऐकून सोडून देऊ नका. सरळ विचारा, मरण्याचा विचार येतो का? आणि त्या रात्री त्याला एकटा घरी पाठवू नका.

आणखी एक. घरातली मंडळी ‘गुपचूप भाजीत घाला, नवऱ्याला कळणारही नाही’ अशा जाहिराती बघून पावडर आणतात. डायसल्फिराम नावाची एक खरी गोळी आहे. ती चालू असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याने स्वतः ठरवून घेतली आहे, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती कुंपणासारखी उपयोगी पडते. न सांगता जेवणात घातली आणि तो बाहेर जाऊन प्यायला, तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ही गोळी घेणाऱ्याने खोकल्याची औषधं आणि आसवं-अरिष्टं बाटलीवरची चिठ्ठी वाचूनच घ्यावीत. द्राक्षासवातही मद्यार्क असतो, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

सव्वा तासात काय करायचं

सात वाजता दूधवाला माणूस येतो. हा आमच्यातला सर्वांत नवा, एक महिना काढलेला माणूस. चहाचं दूध त्याने आणायचं, दुसरा कोणी आणणार नाही. तो आला नाही तर सतरा माणसं काळा चहा पितात. ज्याच्यावर घरात कोणी गॅस बंद करायची जबाबदारीही टाकत नाही, त्याला इथे कोणीतरी वाट बघत बसलंय हे कळतं. चहा गोड आणि कडक करा. नव्याने सोडलेल्यांना गोडाची ओढ लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कधी कोणी जिलबी आणतो. मधुमेहवाल्यांनी आपापलं पाहावं.

साडेसातला दार ओढून घ्या, कडी लावू नका. फोन बंद करून एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात टाका. सूत्रधार दर आठवड्याला बदला, नव्वद दिवस पूर्ण केलेल्या कोणालाही पाळी द्या. पहिली तीन वर्षं मीच बोलवत होतो, मीच समारोप करत होतो. त्यामुळे ती माझी बैठक झाली होती. मला टायफॉइड झाला तेव्हा दोन शनिवार खोलीच उघडली नाही. आता किल्ली तिघांकडे असते.

सूत्रधाराने सुरुवातीला चारच गोष्टी सांगायच्या. इथलं बोलणं इथेच राहील. प्रत्येकाने स्वतःचं बोलावं, बायकोचं, साहेबाचं, सरकारचं नाही. कोणी कोणाला सल्ला देऊ नये. आज प्यायला असाल तर बसा आणि ऐका, बोलायचं पुढच्या शनिवारी. मग आपलं पहिलं नाव सांगून म्हणायचं, “मी दारुडा आहे, आज प्यायलो नाही.” आडनाव नको. आपल्याकडे आडनावावरून जात, गाव, नातेवाईक सगळं निघतं.

एक मिनिट शांत बसतो. प्रार्थना हवी का, यावर आमच्याकडे वाद झाला होता. जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याचं बळ मागणारी एएची प्रार्थना काही जण मनातल्या मनात म्हणतात, काही जण नुसते बसतात.

मग प्रश्न. इथे बहुतेक गट चुकतात. ‘संयम’, ‘कृतज्ञता’ असे विषय दिले की माणसं भाषण करतात. आम्ही नऊ वर्षं एकच प्रश्न विचारतोय: या आठवड्यातला सर्वांत अवघड अर्धा तास कोणता होता? त्याला वार आणि वेळ सांगावीच लागते. मंगळवारी संध्याकाळी पावणेसात. पीथमपूरला कारखान्यात काम करणारा एक मुलगा म्हणाला, कंपनीची बस वळणावर सोडते, तिथून घरापर्यंत तीनशे पावलं, आणि दीडशेव्या पावलावर कलाली. पुढच्या आठवड्यात तो स्वतःच एक थांबा पुढे उतरून उलट्या बाजूने घरी यायला लागला. कोणी त्याला सुचवलं नव्हतं. मोठ्याने बोलल्यावर त्याला स्वतःचा रस्ता दिसला. दुसरा म्हणाला, मेहुण्याच्या लग्नात वरातीत अर्धा तास फार जड गेला, शेवटी हातात थंड पेयाचा भरलेला ग्लास धरून ठेवला, कारण रिकामा हात दिसला की लोक भरायला येतात. ती युक्ती आता आमच्यातले सगळे वापरतात.

प्रत्येकाला पाच मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना दिसलं पाहिजे. मध्ये कोणी बोलायचं नाही, माना हलवायच्या नाहीत, ‘हो ना, माझंही तसंच’ म्हणायचं नाही. नंतर टाळ्याही नाहीत. फक्त “ऐकलं” म्हणायचं आणि पुढच्याकडे वळायचं. कोणी रडला तर रडू द्या. पाठीवर थोपटू नका, थोपटलं की माणूस लाजून थांबतो आणि आत राहिलेलं आतच राहतं. पाण्याचा ग्लास जवळ सरकवा, पुरे. कोणी गप्प राहिला तर त्याची पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा. आमच्यातल्या एका काकांनी, पूर्वी मिलमध्ये कामाला होते त्यांनी, पहिले सात शनिवार एक शब्द काढला नव्हता. आठव्या शनिवारी बोलले ते पंचवीस मिनिटं, आणि त्या दिवशी आम्ही घड्याळ बाजूला ठेवलं.

एकच गोष्ट मध्येच थांबवायची. जुन्या पिण्याच्या रंगलेल्या गोष्टी. कोणती बाटली, कोणता चखना, पावसात पातालपाणीच्या धबधब्याकडे गेलो होतो तेव्हा काय मजा. सांगणाऱ्याचे डोळे चमकतात आणि ऐकणाऱ्या पाच जणांच्या तोंडाला पाणी सुटतं. सूत्रधाराने शांतपणे म्हणावं, “त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगा.”

प्यायलेला माणूस आला तर

येईलच. हाकलू नका, आणि त्याला बोलूही देऊ नका. दोन जण त्याला बाहेरच्या ओट्यावर घेऊन बसा, चहा द्या. स्कूटरची किल्ली मागून घ्या. देत नसेल तर वाद घालू नका, पण एक जण त्याच्या गाडीजवळ उभा राहा. एकाच्या खिशात अर्धा पव्वा होता. आमच्यातल्या एकाने तो हातात घेऊन मोरीत ओतला, आणि तो वास घेऊन स्वतः दोन रात्री तळमळला. तेव्हापासून बाटली दिसली तर ज्याची त्यानेच ओतायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. घरी सोडायला नेहमी दोघं जा. उलट्या करत असेल, जागाच होत नसेल, श्वास अडखळत असेल तर १०८ ला फोन करा. तोवर त्याला एका कुशीवर झोपवा, उताणं नाही.

घसरून परत आलेल्याचं

यावर एक वेगळा लेख लिहायला हवा. चौदा महिने काढून एक जण प्यायला आणि पाच आठवडे आला नाही. आम्ही फोन केले, तो उचलेना. मग मी त्याच्या दुकानी जाऊन उभा राहिलो. दारूविषयी काही न बोलता म्हटलं, शनिवारी दूध तू आणशील का. तो आला. त्याला सगळ्यांनी जागा दिली, आणि कोणीतरी, चांगल्या मनानेच, म्हणालं, “अरेरे, चौदा महिने वाया गेले.” तो उठून जायला निघाला होता.

चौदा महिने वाया जात नाहीत. त्या चौदा महिन्यांत त्याच्या मुलीने वडिलांना शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसलेलं पाहिलं होतं. ते कोणी परत घेऊ शकत नाही. आम्ही दिवस पुन्हा एकपासून मोजतो, कारण खोटं मोजलं की तो स्वतःच स्वतःवर विश्वास ठेवत नाही. पण ‘का प्यायलास’ हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही. ‘का’चं उत्तर प्रत्येक पिणाऱ्याकडे तयार असतं. विचारायचं ते असं: किती वाजले होते? दुपारचं जेवण झालं होतं का? आधीच्या रात्री झोप किती झाली? खिशात पैसे किती होते? सोबत कोण होतं? भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी दोन तरी बहुतेक वेळा तिथे सापडतात. त्याने ते एका वहीत लिहायचं आणि वही स्वतःकडे ठेवायची.

तीस दिवस झाले की मी दुकानातल्या उरलेल्या तांब्याच्या तारेचं एक छोटं वेटोळं करून देतो. वर्षाला मोठं. लोक ते किल्लीला लावतात.

बायका, आई, फोन

शनिवारी रात्री सव्वानऊला फोन येतो, “भाऊजी, आज हे आले होते का?” तिचा जीव टांगणीला लागलेला असतो, आणि सांगून टाकावंसं वाटतं. सांगू नका. एकदा तुम्ही घरच्यांचे हेर झालात की पुढच्या शनिवारपासून तो खरं बोलणार नाही. मी म्हणतो, “वहिनी, मी कोणाबद्दलच सांगत नाही, तुमच्याबद्दलही त्यांना काही सांगणार नाही. तुम्ही त्यांनाच विचारा.” पहिल्यांदा त्या रागावतात. एक मात्र अपवाद. त्याच्या हातून कोणाला मारहाण होत असेल, किंवा तो स्वतःचं काही बरंवाईट करेल अशी भीती असेल, तर गुपित पाळायचं नाही. हे पहिल्याच दिवशी प्रत्येकाला तोंडावर सांगून ठेवा.

घरच्या बायकांसाठी त्याच वेळी दुसऱ्या वर्गात वेगळी बैठक होते. ती त्या स्वतः चालवतात. आमच्यातला कोणी तिकडे फिरकत नाही.

पैसा

चहाचा डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो. देणगी घेऊ नका. एका पुढाऱ्याने हॉल, खुर्च्या, बॅनर सगळं देऊ केलं होतं, फक्त उद्घाटनाचा फोटो हवा होता. ज्यांच्या चपलासुद्धा आम्ही दाराबाहेर दिसू देत नाही, त्यांचे चेहरे वर्तमानपत्रात कसे देणार? गटातल्या गटात उसनंही बंद. शंभर रुपयेसुद्धा नाही. देणारा देणेकरी शोधत येतो आणि घेणारा बैठक टाळतो.

अचानक आलेल्या पैशाकडे लक्ष ठेवा. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची देणी ३२ वर्षं अडकून राहिली आणि २०२३ च्या शेवटी ती मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. आमच्या मिलवाल्या काकांच्या घरी आनंद होता, आणि काका मात्र घाबरले होते. सगळं तरुणपण ज्या पैशाची वाट पाहिली, तो हातात आला की काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बैठकीत तसं सांगितलं. पैसे खात्यात आले त्या दिवशी आमचे दोघं त्यांच्यासोबत बँकेत गेले. पासबुक भरून घेतलं, पैसे काढले नाहीत, सराफ्याच्या खाऊबाजारात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि घरी आले.

सणवार

अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, सगळं इंदूर रात्रभर जागं असतं. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, भांग सर्रास चालते, आणि ‘दारू तर नाही ना, भांगच आहे’ म्हणत माणूस सुरू होतो. ३१ डिसेंबर, दिवाळीचे पत्ते, लग्नसराई. अशा दिवशी खोली जास्तीची उघडा, वार कोणताही असो. झाकीच्या रात्री आम्ही खोली पहाटेपर्यंत उघडी ठेवतो. कोणी येतं, तासभर बसतं, पुन्हा गर्दीत जातं. ड्राय डेचा भरवसा धरू नका, पिणारा आदल्या दिवशीच साठा करून ठेवतो. २०२५ च्या एप्रिलपासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा ठिकाणी दुकानं बंद झाली, पण उज्जैनहून येणारे आमचे मित्र सांगतात की तल्लफ बंद झालेली नाही.

कोणीच आलं नाही तर

नव्या गटाला हे पहिल्या वर्षात चार-सहा वेळा बघावं लागतं. २०१९ मध्ये एम्सच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं की दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतात. बाकीचे सदतीस तुमच्याच गल्लीत आहेत, त्यांना तुमचं दार माहीत नाही, किंवा ते दारावरून परत जाताहेत. म्हणून दिवा लावून ठेवा आणि पावणेनऊपर्यंत बसा. जुलैतल्या एका शनिवारी रस्त्यांवर गुडघाभर पाणी होतं. मी एकटा होतो. चहा केला, अवघड अर्धा तास कोणता ते स्वतःशी मोठ्याने सांगितलं, वहीत तारीख आणि हजेरीच्या जागी १ लिहिलं.

निघताना

पावणेनऊला थांबा. पण बैठक संपल्यापासून घर येईपर्यंतची वीस मिनिटं राहिलेली असतात, आणि कलाली तेव्हा उघडीच असते. म्हणून दार बंद करण्याआधी सूत्रधाराने रस्ते वाटून द्यायचे. मालवा मिलकडचे दोघं एकत्र, सुदामानगरचे तिघं एकत्र. पीथमपूरवाल्याची रात्रपाळी असेल तर एक जण त्याला बसपर्यंत सोडतो. नव्या माणसाला कधीच एकटं पाठवायचं नाही, त्याने कितीही सांगितलं, मी जाईन. फोनच्या डब्यातले सगळे फोन गेले का बघा. खुर्च्या रचा, बाकं पुढे ओढा, फळा पुसा, कोपऱ्यातले दोन क्रमांक तेवढे राहू द्या. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने रविवारी सकाळी नऊच्या आत नव्या माणसाला एक फोन करायचा. बाकी काही विचारायचं नाही, झोप लागली का एवढंच.